सालींवरची रिबोल्ला

गुरुवारी तपासणी समितीचं पत्र आलं. आमची रिबोल्ला, म्हणजे इथल्या रिबोल्ला द्राक्षांची वाइन, म्हणे पांढऱ्या वाइनमध्ये बसत नाही. रंग सदोष, पाचांपैकी तिघांचं मत. म्हणजे आता बाटलीवर या टेकड्यांचं नाव लावायचं नाही, नुसतं 'टेबल वाइन' छापायचं. ज्या जमिनीत अजून नांगराला पहिल्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांचे तुकडे लागतात, तिचं नाव आम्हीच लावायचं नाही. पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि दुपारी फोनवर आल्मा, माझी मुलगी, सहज बोलून गेली की त्या दिवशी एदीही समितीवर होता. एदी म्हणजे तिचा नवरा. शेतकी शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. नमुन्यांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात, हे मला माहीत आहे. पण एदीला नावाची गरजच काय?

आमच्याकडे रस महिनोन्महिने सालींसकट लाकडी पिंपात राहतो, त्यातूनच त्याला रंग चढतो. सुरुवातीला साली फुगून वर येतात. त्या दिवसातून चार वेळा दांड्यानं खाली दाबाव्या लागतात, नाहीतर वरच्या थराचं व्हिनेगर होतं. ही वाइन केली त्या हंगामात माझा खांदा धरला होता, म्हणून तीन आठवडे हे काम जावयानं केलं. तळहातांना फोड आले. आल्मा ते गावभर कौतुकानं सांगत होती.

रविवारी दोघं जेवायला आली. नेवानं, माझ्या बायकोनं, आंबवलेल्या कोबीचं सूप वाढलं. मी बाकी सगळ्यांच्या ग्लासात वाइन ओतली आणि एदीपुढे पाण्याचा जग ठेवला.

"ओळखली होतीस?" मी विचारलं.

तो टाळाटाळ करेल असं वाटलं होतं. "वास घेतला तेव्हाच," तो म्हणाला.

"वाईट होती?"

"नाही. त्या दिवसातली सगळ्यात चांगली होती."

"मग?"

"नियमात रंग फिकट पिवळा लिहिलाय, बाबा. ही तांब्यासारखी आहे. आणि मी बाजूनं मत दिलं असतं, तर लोक म्हणाले असते, सासऱ्याची म्हणून दिलं."

मग मी जे बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. लोकांच्या तोंडाला घाबरून घरच्या पिंपावर थुंकणारा माणूस माझ्या टेबलावर बसतो, असं म्हणालो. त्याची पदवी, त्याचा पांढरा कोट, त्याची आई, काही सोडलं नाही. आल्माचे डोळे भरले. नेवा म्हणाली, सूप गार होतंय. गार होऊ दे, मी म्हणालो. एदी मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याचाच मला आणखी राग येत होता.

टेबलाच्या टोकाला माझे वडील होते. एक्क्याण्णव वर्षांचे आहेत, जेवताना सहसा बोलत नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"दुशान, उदिनेहून वाइनचा व्यापारी आला होता, आठवतं?"

आठवत होतं. चाळीस वर्षं झाली. तेव्हा मी नवा शिकून आलो होतो. स्टीलच्या टाक्या आणल्या होत्या आणि पाण्यासारखी स्वच्छ वाइन काढत होतो. वडील त्यांच्या पिंपातली, सालींवरची, सुरईत घेऊन व्यापाऱ्यापुढे आले. मी त्यांच्यादेखत म्हणालो, ही नका बघू, म्हाताऱ्याची खराब झालेली आहे. पुढे वीस वर्षांनी मीच त्यांच्या पद्धतीकडे वळलो आणि जणू ती मीच शोधून काढली अशा थाटात मिरवू लागलो. त्या दिवसाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. ते विसरले असतील असं मी धरून चाललो होतो.

"याच्या हातात निदान नियमाचा कागद तरी होता," ते म्हणाले. "तुला तर कुणी विचारलंही नव्हतं."

आणि त्यांनी पुन्हा चमचा उचलला. माझा चेहरा कानापर्यंत तापला. एदीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी लाज तरी त्यानं माझी राखली.