डाव्या कोपऱ्याचं वजन

घाबरू नका, मीच बोलतोय. शिरवण्याच्या नाक्यावर, मधुकरच्या चहाच्या टपरीबाहेर उभा असलेला लोखंडी वजनकाटा. तुम्हाला घाबरू नका म्हणतोय खरा, पण घाबरलोय मी. आज वजनाचा रविवार. थोड्या वेळात शिवा येईल, चपला काढून माझ्यावर उभा राहील, आणि पुढे काय होईल या विचाराने वारा नसतानाही माझी दांडी हलतेय. म्हटलं, तो यायच्या आत कुणाला तरी सांगून टाकावं.

तसा मी जन्माचाच भित्रा. काट्याची जातच तशी. कुणी पाय ठेवला की आधी थरथरायचं, मग जीव मुठीत धरून स्थिर व्हायचं, आणि मग आकडा दाखवायचा. कारखान्यात ओतून झालो तेव्हाच माझ्यावर पितळी मापं ठेवून तपासणी झाली होती. शेजारचा काटा त्या तपासणीत नापास झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पडलेले हातोड्याचे घाव मी ऐकले आहेत. ते अजून कानात आहेत.

पुढे सारसोळ्याच्या खाडीकडच्या मिठागरात आलो. मिठाच्या गोणी चढायच्या, उतरायच्या. वर्षातून एकदा वजनमाप खात्याचे साहेब मापांची पेटी घेऊन यायचे आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं. पास झालो की शिक्का बसायचा, मग वर्षभर सुखाची झोप. असं चाललं होतं. तेवढ्यात नवं शहर वसवायचं म्हणून जमिनी गेल्या, मिठागर बंद पडलं. मधुकरचा बाप तिथला मुकादम होता. बापाची आठवण म्हणून मधुकरने मला बैलगाडीत घालून नाक्यावर आणलं.

इथे मला तपासायला कोणी येत नव्हतं. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

टपरीवर गिऱ्हाइकं माझ्या फळीवर बूड टेकून चहा प्यायची. त्यांच्यात रोजचे दोघे होते. एक गोटीराम, शिरवण्याचाच. शेती शहरात गेली, आता दोन चाळी भाड्याने दिलेल्या आणि दिवस मोकळा. दुसरा अरविंद, नेरूळच्या नव्या बिल्डिंगीत गिरगावातून राहायला आलेला, बँकेत नोकरीला. दोघांचं एकाच गोष्टीवर प्रेम होतं आणि त्याच गोष्टीवरून रोज भांडण. ती गोष्ट म्हणजे रंगाच्या कंपनीचा कबड्डी संघ.

ही कंपनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरची. आसपासच्या गावांतली चांगली पोरं हेरायची, त्यांना नोकरी द्यायची आणि संघात खेळवायचं. पण नोकरी वर्षाची. हंगाम संपला की कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं ते ठरायचं. संघातून नाव गेलं की गेटवरचं नावही गेलं. त्यामुळे सामने नसायचे त्या महिन्यांतच नाक्यावर खरी कबड्डी चालायची. हे दोघे चहाच्या एका कपावर संघ मोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

त्या वर्षी सगळा वाद डाव्या कोपऱ्यावर होता. डाव्या कोपऱ्यात शिवा खेळायचा. सारसोळ्याचा कोळ्याचा पोर, बाप गेलेला, आई विमलबाई टोपली घेऊन शिरवण्यात मासळी विकायची. अंतिम सामन्यात शिवाच्या हातातून समोरचा गडी निसटला आणि संघ हरला होता.

"पकड ढिली पडली हाय त्याची," गोटीराम म्हणायचा. "मांडी धरली व्हती पोरानं, आनि सुटला गडी. शिवाला सोडा, दिवा गावच्या नामाला आना. नामा म्हंजे खांब हाय खांब."

"गोटीरामशेठ, लॉजिक बघा ना," अरविंद म्हणायचा. "शिवा हलका झालाय म्हणून चपळ झालाय. एका मॅचवरून माणूस काढायचा असतो का?"

"लॉजिक तुमच्या ब्यांकेत ठेवा. कोपऱ्याला वजन लागतं."

शिवा हलका का झालाय, हे दोघांनीही विचारलं नाही. तो खोकायचा तेव्हा बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं, मग पुढे चालू व्हायचं. कंपनीचे क्रीडा सचिव रावसाहेब यांच्या कानावर हा वाद गेला आणि त्यांनी फर्मान काढलं. डावा कोपरा पासष्ट किलोच्या खालचा नको. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन होईल, हंगामापूर्वी ज्याचं भरेल तो राहील.

वजन कुठे करायचं यावरही भांडण झालंच. कंपनीत ड्रम मोजायचा काटा होता. पण गोटीराम अडून बसला. ऑफिसात दार लावून वजन केलं तर साहेबांच्या लाडक्याला झुकतं माप मिळेल, वजन चारचौघांत झालं पाहिजे. अरविंदनेही त्याला दुजोरा दिला, आयुष्यात पहिल्यांदा. झालं, लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या रविवारी अख्खा नाका माझ्याभोवती जमला. एकेक खेळाडू चढत होता, लोक आकडा ऐकून टाळ्या वाजवत होते किंवा हळहळत होते. शिवा चढला. पावलं गरम होती. ताप माणसाच्या तळपायात मला आधी कळतो. वजन कमी भरलं. गोटीरामने अरविंदकडे बघून नुसती मान हलवली.

दुसऱ्या महिन्यात शिवाचं वजन बरोबर पासष्ट भरलं. अरविंदने सगळ्यांना चहा पाजला. मला मात्र काही केल्या चैन पडेना. माणूस वाढतो तो पावलांनाही वाढलेला जाणवतो. याची पावलं तशीच हाडकुळी, आणि ओझं सगळं कमरेपाशी. मिठाच्या गोणीत दगड घालणारे मी पाहिलेत. पण सांगणार कसा? मला तोंड म्हणजे तो एक आकडा.

तिसऱ्या रविवारी शिवा माझ्यावर उभा होता, रावसाहेब चष्मा लावून दांडीकडे बघत होते, आणि विमलबाई गर्दीतून वाट काढत आली. डोक्यावर मासळीची टोपली, खांद्यावर पाग. पाग म्हणजे खाडीत फेकायचं जाळं, त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, त्यांच्या भाराने जाळं बुडतं.

"पागाचं शिसं कोनी कापलं?" ती विचारत होती. "तुझ्या बापाचा पाग हाय रं. आज पान्यावर टाकला तं तरंगत रायला. सारसोल्यात सगल्यांना इचारलं, कोन कबूल व्हईना."

शिवा खाली मान घालून माझ्यावर तसाच उभा राहिला. गुडघे इतके कापत होते की माझी दांडी खडखड वाजायला लागली. विमलबाईने टोपली खाली ठेवली, पुढे आली, आणि त्याचं बनियन वर केलं. कमरेला फडक्याचा पट्टा करकचून बांधलेला. तिने गाठ सोडली. शिशाच्या गोळ्या माझ्या फळीवर पडल्या, घरंगळत गटारापर्यंत गेल्या, आणि माझी दांडी धाडकन खाली बसली.

पण तिचं लक्ष गोळ्यांकडे नव्हतंच. पोराच्या बरगड्या ती कितीतरी दिवसांनी उजेडात बघत होती.

"बाय माजे," एवढंच म्हणाली ती.

खोकल्याची उबळ आली ती तेव्हाच. शिवाने हात तोंडावर धरला. हात खाली घेतला तेव्हा गर्दी दोन पावलं मागे सरली, फक्त गोटीराम पुढे आला. तोच गोटीराम, तीन महिने याला सोडा म्हणून घसा कोरडा करणारा. त्याने शिवाला काखेत धरून टेम्पोत बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. अरविंद पायात चपला नसताना टेम्पोच्या मागे चढला.

टीबी निघाला. शिवाला महिनोन्‌महिने ठाऊक होतं की काहीतरी बिनसलंय. पण टीबी म्हटलं की घरात कपबशी वेगळी होते, कंपनीत नोकरी जाते, सोयरीक मोडते. म्हणून तो गप्प राहिला आणि बापाच्या जाळ्याचं शिसं कापून कमरेला बांधत गेला. मला त्याचा राग नाही आला. मीसुद्धा नापास व्हायच्या भीतीवरच जगलोय.

रावसाहेबांनी डाव्या कोपऱ्यात नामाला घेतलं. शिवाला म्हणाले, "आधी बरा हो. पुढच्या हंगामाआधी पासष्ट भरून दाखव, शिसं न बांधता. जागा तुझी."

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, बरं वाटलं तरी औषध थांबवायचं नाही, आम्ही सांगू तेव्हाच थांबवायचं. इंजेक्शनं, गोळ्या. गोळ्यांनी शिवाला मळमळायचं, ताटावरून उठून जायचा. नाक्यावरचा वाद आता बदलला होता. संघात कुणाला घ्यावं याच्याऐवजी शिवाने काय खावं यावर दोघे भांडायचे. गोटीराम घरून अंडी आणि बोंबलाचं कालवण आणायचा. अरविंद दुधाची पावडर आणायचा आणि प्रोटीनवर भाषण द्यायचा. दोघांच्या प्रेमाने पोरगा बिचारा बेजार झाला होता.

दर महिन्याला तो माझ्यावर चढायचा. पहिल्यांदा थोडं वाढलं. मग आणखी थोडं. ते खरं होतं, मी शपथेवर सांगतो. त्याची पावलं थंड झाली होती, गुडघे कापत नव्हते. त्या दिवशी मीही मनातून टाळ्या वाजवल्या.

मग मधुकरने टपरी वाढवली. आत दोन बाकडी आली आणि मला छपराखालून बाहेर काढलं, पत्र्याच्या पन्हळीखाली. मिठागरातला खारेपणा माझ्या अंगात आधीच मुरलेला, वरून पाणी. दांडीवर जे सरकणारं वजन असतं ना, लोखंडाचं, ते गंजायला लागलं. गंजाच्या खपल्या पडायला लागल्या. मला खाज सुटल्यासारखं व्हायचं, बाकी काही कळत नव्हतं.

शिवाचं वजन वाढतच होतं. लोक खूष. गोटीराम म्हणायचा, माझ्या बोंबलाची कमाल हाय. अरविंद म्हणायचा, पावडर. विमलबाईने एकवीरेला नारळ वाहिला आणि परत येऊन माझ्या दांडीला हळदकुंकू लावलं. "काट्यानं सांगितलं, पोर बरा झाला," म्हणाली. त्या कुंकवाने मी किती सुखावलो होतो, काय सांगू.

गेल्या महिन्यात वजन झाल्यावर शिवा मधुकरजवळ हळूच बोलला. "आता दोन किलो रायलं. म्हंजे आतून बरा झालो मी. गोळ्या बंद केल्या. त्यांनी जेवान जात नाय. आयेला सांगू नको."

मधुकर म्हणाला, "डॉक्टरला विचारलंस का?"

"काटा सांगतोय ना. डॉक्टर आनि वेगला काय सांगनार?"

मधुकरने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

आणि मग परवा नंदकिशोर आला. पलीकडच्या सोसायटीच्या बांधकामावरचा मुकादम, परगावचा माणूस, शिवाला ओळखतही नाही. मधुकर टपरीवर नव्हता. नंदकिशोरला एका फाटक्या गोणीत किती सिमेंट उरलंय ते बघायचं होतं. आधी काटा तपासावा म्हणून त्याने कारखान्यातून आलेली शिलाई न उसवलेली पन्नासची गोणी माझ्यावर ठेवली. दांडी उचलली गेली. त्याने वजन सरकवलं, आणखी सरकवलं, आणि हसायला लागला.

"पन्नासची गोणी चोपन्न? काटा पार गंडलाय," सोबतच्या मजुराला म्हणाला. "याच्यावर सिमेंट विकायला पाहिजे." गोणी उचलून दोघे निघून गेले.

कळलं ना तुम्हाला? दांडीवरचं वजन झिजलं की पलीकडचं ओझं जड दिसतं. मी कधीपासून चुकतोय, मलाच ठाऊक नाही. शिवाचे पहिले दोन किलो खरे होते. पुढचे कुठले? त्याच्या मांसाचे की माझ्या गंजाचे? गेल्या महिन्यात त्याची पावलं पुन्हा कोमट लागली होती. मी म्हटलं, ऊन असेल. ऊन नव्हतं हो.

हातोड्याची भीती मी जन्मभर बाळगली. आज कुणी हातोडा घेऊन आलं तर मी म्हणेन, घाल बाबा, आत्ता घाल, तो यायच्या आत. मोडलेल्या काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्यासारख्या उभ्या काट्यावर ठेवतात. हळदकुंकू लावून ठेवतात.

तुम्ही ऐकताय ना? तुम्ही यांच्यातले असाल, नसाल, मला पर्वा नाही. नाक्यावर या. मधुकरला सांगा, बांधकामावरून शिवलेली एक गोणी आणून माझ्यावर ठेव आणि बघ. रावसाहेबांना सांगा, कंपनीतल्या काट्यावर मोजा. विमलबाईला सांगा, पोराच्या कपाळाला हात लाव, छातीला कान लाव, आणि गोळ्यांचा डबा उघडून बघ. माझं काही विचारू नका. मला भंगारात घाला, मी हू की चू करणार नाही.

ते बघा, सगळे जमायला लागलेत. रावसाहेब आलेत, चष्मा पुसतायत. गोटीरामच्या हातात पेढ्यांचा पुडा आहे. अरविंदने बायकोलाही आणलंय. विमलबाई आज टोपली न घेता आलीय, नवी साडी नेसून. आणि तिच्या मागून शिवा, हसतोय, हसताना मध्येच घसा खाकरतोय. कुणाचं लक्ष नाही. सगळे माझ्याकडे बघतायत.

कुणीतरी त्याच्याकडे बघा हो.

त्याने चपला काढल्या.