नव्या पोरांची फेरी

रविवारी दुपारी चष्म्याचं दुकान बंद असायचं, पण मागच्या खोलीत चौघं जमायचे. काचा घासायच्या मशीनवर जाड पुठ्ठा टाकला की झालं टेबल. एक खुद्द चष्मेवाला, दुसरा त्याचा मेहुणा पिंट्या, तिसरा विमा एजंट आणि चौथे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे प्रोफेसर. चौघांना फॅन्टसी हॉकीचं वेड होतं. प्रत्येकाचा एक कागदी संघ. खऱ्या मैदानात खऱ्या खेळाडूने गोल मारला की गुण ह्यांच्या खात्यात. धावून धावून फेस यायचा तो त्या पोरांच्या तोंडाला, आणि बिस्किटं बुडवत हमरीतुमरीवर यायचे हे.

वर्षातून एकदा नव्या पोरांची फेरी असे. ज्युनिअर संघातली सोळा-सतरा वर्षांची पोरं आज निवडून ठेवायची, उद्या ती मोठ्या संघात गेली की फायदा निवडणाऱ्याचा. चष्मेवाल्याला ही फेरी सगळ्यात जास्त आवडायची. निदान त्या रविवारपर्यंत तरी.

"हा उंच होणार," विमा एजंट मोबाइलवरचा फोटो मोठा करत म्हणाला. "पायाचे पंजे बघा. बाप कसा आहे ते मी पाहून आलोय, दारातून वाकून जातो."

"आणि हा नको," प्रोफेसर म्हणाले. "आईबाप वेगळे होतायत. अशा पोरांचे पुढचे दोन हंगाम पडेल जातात, मी आकडे काढलेत."

"हरल्यावर रडतोसुद्धा," पिंट्याने भर घातली.

सगळे हसले. चष्मेवालाही हसला. नेहमीच हसायचा. पण फोटोतल्या पोराच्या दंडावर बोट ठेवून "अजून मांस भरायचंय" असं एजंट म्हणाला, तेव्हा त्याने हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

पहिली पाळी पिंट्याची होती. पिंट्या शहरातल्या क्लबच्या ज्युनिअर संघाचा फिजिओ. पोरांचे गुडघे, घोटे रोज त्याच्याच हाताखालून जायचे. तो कोणाला उचलणार हे ठरल्यासारखंच होतं. त्याच्याच संघात शिट्टी होता. गोल मारल्यावर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा, म्हणून शिट्टी. चष्मेवाल्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. आई सिटी बस चालवायची. लहानपणी फळ्यावरचं दिसत नाही म्हणून तिने त्याला दुकानात आणलं होतं, तेव्हा चष्मा चढवल्याबरोबर पोरगं ओरडलं होतं, "काका, तुम्हाला मिशा आहेत!"

पिंट्याने घसा खाकरला आणि बचाव फळीतल्या एका थंड, जाड पोराचं नाव घेतलं.

एजंट खुर्चीतून उडालाच. "अरे, शिट्टीला सोडलास? डोकं फिरलं का तुझं? माझा झाला तो! लिहून घ्या प्रोफेसर, माझा झाला!"

पिंट्या खाली मान घालून चहा पीत होता. त्याच्या गालाला खळी पडली होती. हसू दाबलं की त्याला ती पडते, हे चष्मेवाल्याला पिंट्याच्या बहिणीशी लग्न केल्यापासून ठाऊक होतं.

पिंट्या हात धुवायला मोरीवर गेला, तसा चष्मेवाला मागोमाग गेला.

"काय भानगड आहे?"

"कसली?"

"शिट्टीला का नाही घेतलंस?"

पिंट्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "दाजी, तुम्ही घरचे म्हणून सांगतो. हृदयाची तपासणी झाली ना सगळ्या पोरांची, त्यात ह्याचं बिघडलेलं निघालंय. डॉक्टर म्हणतात ताबडतोब खेळ बंद करा, पुढच्या तपासण्या करा. गेला तो कामातून."

"त्याच्या आईला काय सांगितलंत?"

"सांगतील की. शुक्रवारी सेमीफायनल आहे, मोठी माणसं बघायला येणारेत. मॅनेजर म्हणाले, ती होऊन जाऊ दे. तोवर मी त्याला जरा हलकाच सराव देतोय."

"म्हणजे तो अजून खेळतोय?"

"एका मॅचने काय होतंय?" पिंट्याने हात झटकले, पाण्याचे थेंब चष्मेवाल्याच्या शर्टावर उडाले. "आणि हो, तुमची पाळी आली की डाव्या बाजूचा तो घारा पोरगा घ्या. शिट्टी गेल्यावर सगळे पास त्यालाच मिळणार. काय? आहे की नाही फायदा घरच्या माणसाचा?"

चष्मेवाल्याने शर्टावरचे थेंब पुसले. मग आत गेला, खुर्चीत बसला. प्रोफेसर म्हणाले, "बोला, तुमचा कोण?" आणि त्याच्या तोंडून त्या घाऱ्या पोराचं नाव निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. जीभ पुढे आणि तो मागे. समोर पिंट्याने त्याला हळूच डोळा मारला.

तो डोळा मारलेला पाहिला आणि तो उठलाच. चप्पल उलटसुलट पायात अडकवली आणि मागे न बघता बाहेर पडला.

बसवाली डेपोत भेटली. फेरी संपवून ती ड्रायव्हरच्या खिडकीची काच पुसत होती. त्याने भरभर सगळं सांगितलं. ती काच पुसतच राहिली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मेहुण्याने."

"पिंट्याभाऊंनी? काल सकाळी जिन्यात भेटले होते की. म्हणाले, वहिनी, पोरगं नाव काढणार तुमचं." तिच्या हातातलं फडकं थांबलं. "आता ह्या घडीला सरावाला गेलाय तो."

गणवेशातच ती मैदानावर पोचली. तो तिच्यामागे पळत होता. पोरांची फेऱ्या मारत धाव चालू होती, आणि शिट्टी सगळ्यांच्या पुढे. ती सरळ आडवी गेली, त्याच्या हातातली स्टिक काढून घेतली आणि दंडाला धरून त्याला बाहेर खेचलं. पोरं खिदळली. शिट्टी लाजेने लालबुंद झाला. "आई, सोड ना! काय झालंय?" मॅनेजर शिट्टी फुंकत धावत आले. त्यांच्याकडे तिने असं पाहिलं की ते जागच्या जागी थांबले आणि हातातल्या कागदांची चाळवाचाळव करू लागले.

मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी गुळमुळीत काही ठेवलं नाही. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. सेमीफायनल खेळला असता तर मैदानातच कोसळला असता, कदाचित. औषधं, मग छातीत एक छोटं यंत्र. जगेल, शिकेल, सगळं करेल. हॉकी नाही.

आई रडली ती बाहेर बाकावर, तोंडात ओढणी कोंबून. शिट्टीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्याने चष्मेवाल्याला एवढंच विचारलं, "शुक्रवारनंतर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं काका?" आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढच्या रविवारी तिघं दुकानात हजर. चष्मेवाल्याला वाटलं, पोराची चौकशी करायला आलेत. त्याने दार उघडलं, चहासुद्धा टाकला.

"हे सरळ सरळ फसवणूक आहे," एजंट टेबलावर हात आपटून म्हणाला. रागाने त्याचा आवाज फाटला होता. "ह्या पिंट्याला आधीपासून माहीत होतं! माझी निवड फुकट गेली! मला बदली पोरगा पाहिजे."

"मुद्दा रास्त आहे," प्रोफेसर म्हणाले. "पुढच्या वर्षी ह्याची पहिली पाळी काढून घेऊ. मतदान करू या."

पिंट्या कळवळला. "अरे, आतली माहिती वापरायची नाही असा नियम कुठे होता? आणि दाजींनीही वापरलीच की! घाऱ्याला कोणी घेतलं?"

तिघांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. चहा उतू जात होता.

"पोरगं कसं आहे, विचारलंत का कोणी?" तो म्हणाला.

"विचारणारच होतो," एजंट म्हणाला. "म्हणजे, परत खेळायची काही शक्यता?"

चष्मेवाल्याने गॅस बंद केला. उतू गेलेला चहा तसाच मोरीत ओतला. मग पुठ्ठा उचलला, त्यावरच्या कागदांसकट दुमडला आणि एजंटाच्या छातीवर दाबला.

"चला, निघा. पिंट्या, तूसुद्धा."

"दाजी, ताईला काय वाटेल?"

ताईला जे वाटायचं ते वाटलंच. ती आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही, कारण मॅनेजरने आपला गळा सोडवून पिंट्याला कामावरून काढलं होतं. मग एका सकाळी पिंट्याचा फोन आला, नवीन क्लबात लागलोय, तिथली पोरं एक नंबर आहेत. ताईने स्पीकर चालू ठेवला होता. "वजनाला, उंचीला, सगळ्याला एक नंबर," पिंट्या सांगत होता. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "शी! ह्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय."