टॉवेलाखालचा हात

अण्णांनी बाजार सोडला तेव्हा घोडेगावात जो तो म्हणाला, आसाराम थकला. थकले नव्हते, घाबरले होते. गुरांच्या बाजारात दलालाचं सगळं काम हातात हात देण्याचं. टॉवेल टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं एक अक्षर नाही. लहानपणी अण्णा माझ्याशी तसं खेळायचे. बोटं सोडली की सौदा मोडला, अख्खी मूठ दाबली की पक्का.

एचआयव्हीच्या गोळ्या ते बरीच वर्षं घेत होते, त्या अंगवळणी पडल्या होत्या. मग तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला, लिव्हर खराब करणारी कावीळ. तेव्हापासून त्यांनी कुणाच्या हातात हात दिला नाही, पोटच्या पोरीच्याही नाही. चहाचा कप ते खाली ठेवणार, मग मी उचलायचा. हात लावल्यानं यातलं काहीच पसरत नाही, हे नगरच्या दवाखान्यातल्या मोनिका मॅडमनी शंभरदा सांगितलं. अण्णा मान डोलवायचे आणि हात पाठीमागे घ्यायचे. मला इतका राग यायचा की तो कप फोडून टाकावासा वाटायचा.

काविळीच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी मॅडमना विचारलं, "गुण येईल ना?"

"दोन्ही आजार एकत्र असले की पूर्वी अंदाज बांधणं अवघड जायचं," त्या म्हणाल्या. "आताच्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात. पण यांचं लिव्हर बरंच कडक झालंय, म्हणून छातीठोक सांगत नाही. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी रक्त तपासू. तेव्हा विषाणू सापडला नाही, तर कावीळ गेली म्हणायची." मग अण्णांकडे वळल्या. "भूक कशी आहे?"

"कसली भूक! घास उतरत न्हाई."

सकाळी दोन भाकरी हाणून आला होता हा माणूस! मॅडमचा चेहरा उतरला, त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. बाहेर येताच मी तोंड सोडलं. "खोटं कशाला बोल्लात?"

"घेनाऱ्यानं मालाला चांगलं म्हनलं की भाव चढतो," अण्णा हळूच म्हणाले. "मला बरं व्हायचंय, दिपाली. लई व्हायचंय. म्हनून बोलायचं न्हाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळे पुसून मी परत आत गेले आणि मॅडमना भाकरींचं सांगितलं. त्या खूप हसल्या.

गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी रक्त दिलं, त्याच्या रिपोर्टच्या दिवशी दवाखान्यात नेमके भिमाजीतात्या आमच्या बाकावर येऊन बसले. अण्णांचं जुनं गिऱ्हाईक, डोळे दाखवायला आलेलं. "आसाराम, हिकडं कुठं?"

"गुडघा," अण्णा म्हणाले.

मी आत जाऊन मॅडमना भेटले आणि बाहेर आले. तात्यांसमोर बोलणार काय? अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर टाकला आणि त्याखालून हात पुढे केला.

मी शेजारी बसले, टॉवेलाखाली हात घातला. मी अख्खी मूठ दाबली आणि दाबूनच धरली.

"नक्की?" अण्णांनी तोंडानं विचारलं.

"पक्कं, अण्णा. सापडला न्हाई."

एचआयव्ही राहणारच होता, त्याच्या गोळ्या जन्माच्या. पण कावीळ गेली होती.

"बापलेकीत कसला रं सौदा?" तात्या हसले.

अण्णांनी टॉवेल बाजूला केला. माझा हात सगळ्यांसमोर तसाच धरून ठेवला.

"लई चांगला झाला, भिमाजी," ते म्हणाले. "लई म्हंजी लई चांगला."

आणि दुसरा हात त्यांनी तात्यांच्या पुढे केला. "शुक्रवारी येतो बाजाराला."