भिंतीतून आलेला फोटो

थोरलीच्या ओठांत टाचण्या होत्या आणि दोन्ही हात बँकेतल्या बाईंच्या काखेशी गुंतले होते, नेमका तेव्हाच शिलाई मशीनवरचा फोन थरथरला.

"बघता का जरा, काय आलंय?" टाचण्यांच्या फटीतून ती म्हणाली.

बँकेतल्या बाई अर्धवट शिवलेलं जॅकेट घालून, हात पसरून उभ्या होत्या. हलायची सोय नव्हती. त्यांनी नुसती मान लांब केली.

"‘लाँड्री’ तुम्हाला फोटो पाठवतेय. खाली विचारलंय, स्वीकारा की नाकारा."

"नाकारा."

"अहो, पण माझे हात..."

थोरलीने स्वतःच वाकून कोपराने नाकारलं आणि पुढची टाचणी जरा जास्तच जोरात खोचली.

लाँड्री म्हणजे शेजारचं दुकान. मधे एक प्लायवूडची भिंत, आणि भिंतीपलीकडे तिची सख्खी धाकटी बहीण दिवसभर वाफेची इस्त्री फिरवायची. इस्त्रीचा फुसकारा इकडे ऐकू यायचा, मशीनचा खडखडाट तिकडे. बोलणं मात्र चार वर्षांपासून बंद होतं.

भांडण फोटोवरून झालं होतं. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी सगळे एकत्र जमले होते, तेव्हा दादाने काढलेला. एरवी कॅमेरा दिसला की आई दाढ काढायला आल्यासारखी बसायची. या फोटोत मात्र ती मनापासून हसत होती. धाकटी तर एखाद्या नटीसारखी दिसत होती. आणि थोरलीचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. धाकटीने नेमका तोच फोटो मोठा करून लाँड्रीच्या गल्ल्यामागे लावला. लोक कपडे न्यायला यायचे आणि विचारायचे, "या शेजारच्या टेलर ना? झोपेत शिवतात की काय?" थोरलीने फोटो भिंतीवरून उतरवायला सांगितला, धाकटीने साफ नकार दिला. मग दोघींनी एकमेकींना बरंच काही ऐकवलं, त्यात फोटोचा संबंध फारच थोडा होता.

आणि परवा दादा येऊन गेला. घर बदलताना त्याला जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड सापडलं होतं. त्यातलं सगळं त्याने धाकटीच्या फोनवर टाकलं आणि गाडीत बसल्यावर थोरलीला फोन केला.

"तिच्याकडून घेऊन टाक."

"मी तिच्याकडे काही मागणार नाही, दादा."

"मागू नकोस गं. फोन नुसता चालू ठेव. आता वायर लागत नाही, भिंतीतूनसुद्धा येतं."

फोन पुन्हा थरथरला. बँकेतल्या बाईंनी आता न सांगताच मान लांब केली.

"नाव बदललंय. ‘दादाने दिलेत’ तुम्हाला फोटो पाठवतेय."

"म्हणजे?"

"त्यांनी स्वतःच्या फोनचं नाव बदललंय. पाठवणाऱ्याचं नाव इकडे दिसतं ना, म्हणून."

"अस्सं. डोकं कायम नको तिथे चालतं तिचं." थोरलीने पुन्हा नाकारलं.

पलीकडे इस्त्री जोरात फुसकारली आणि थोड्या वेळाने फोन तिसऱ्यांदा थरथरला. ‘माझे नाहीत आईचे आहेत’ तुम्हाला फोटो पाठवतेय.

थोरलीचं कोपर हवेतच थांबलं. तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचून ठेवल्या.

"हे नाव बदलायचं कसं?"

बँकेतल्या बाई पगार घेऊन लोकांना हेच समजावत असाव्यात, इतक्या शांतपणे त्यांनी सांगितलं. सेटिंगमध्ये जा. सगळ्यात खाली. नाही, त्याच्याही खाली. उपकरणाचं नाव. त्या पाठवायला गेल्या की यादीत तुमचं हे नाव दिसेल त्यांना. थोरलीने चष्मा नाकावर घसरवून एकेक अक्षर शोधत टाइप केलं: ‘आधी तो फोटो काढ’.

पलीकडचा फुसकारा थांबला.

उत्तर यायला वेळ लागला नाही. धाकटीचं बोट आधीपासूनच चपळ. ‘नाही काढणार त्यात आई हसतेय’.

‘माझे डोळे मिटलेत’, थोरलीने लिहिलं. घाईघाईत ‘डोळे’चे ‘डोहळे’ झाले होते. ते बँकेतल्या बाईंनी दाखवून दिलं आणि दुरुस्त करून घेतलं. पलीकडून हसण्यासारखा एक आवाज आला, पण तो वाफेचाही असू शकेल.

मग बराच वेळ काहीच आलं नाही. थोरली फोनकडे न बघता बघत राहिली. शेवटी तो थरथरला तेव्हा बँकेतल्या बाईंनी आणि तिने एकदमच वाचलं. ‘यात उघडे आहेत ताई’ तुम्हाला फोटो पाठवतेय.

थोरलीने बोट गळ्यातल्या मापाच्या टेपला पुसलं आणि ‘स्वीकारा’ दाबलं.

एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकली आणि फोटो उघडला. तोच दिवस, तोच सोफा. दादाने लागोपाठ काढलेल्यातला हा पुढचा असावा. आई तितकीच हसतेय, किंबहुना जास्तच. थोरलीचे डोळे टपोरे उघडे, कॉलर नीट, मान ताठ. आयुष्यात इतका चांगला फोटो तिचा कुणी काढला नव्हता.

"अय्या, किती छान दिसताय!" बँकेतल्या बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर बाजूला सरकली. "आणि या कोण?"

"बहीण."

"काय होतंय त्यांना?"

थोरलीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. धाकटी शिंकत होती. शिंकण्याच्या अगदी ऐन क्षणी. डोळे कुठे गेले होते कुणास ठाऊक, नाकपुड्या मात्र पूर्ण फाकल्या होत्या, आणि वरचा ओठ नाकाकडे निघाला होता.

थोरलीला हसू फुटलं. ते दाबायला तिने टेपचं टोक तोंडात धरलं. मग हळूहळू तिने टेप सोडली. हा फोटो परवापासून धाकटीकडे होता. बाकीचे सगळे पाठवून हा एक पुसून टाकला असता, तर कुणाला कळलंही नसतं.

तिने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं.

"अगं, ही शिंक आहे की काय आहे?"

पलीकडे इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तुझ्याच पावडरीने आली होती!" प्लायवूडमधून आवाज आला. "डबाच्या डबा उपडा केला होतास गळ्यावर."

"मग जरा तोंड फिरवायचं."

"फिरवेपर्यंत दादाने काढलासुद्धा." आवाज भिंतीच्या अगदी जवळ आला. "हवा तर मोठा करून लाव तुझ्या दुकानात. मी काही म्हणणार नाही."

थोरलीने समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मग फोनकडे.

"नको," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं पळून जातील माझी."

बँकेतल्या बाईंनी छताकडे बघितलं.

"बाकीचे पाठवू?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"पाठव."

निळी रेघ निघाली, थोडी पुढे गेली आणि अडकली. दोघींनी दोन बाजूंनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकली. ‘दोन्ही फोन जवळ आणा’, पडद्यावर अक्षरं आली.

"जवळ आणा म्हणतोय," थोरली भिंतीला म्हणाली.

"मग ये की."

"तू ये. मी मोठी आहे."

"मोठी आहेस म्हणून तर."

थोरलीने गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. "आलेच हं," असं बँकेतल्या बाईंना सांगून ती बाहेर पडली. दोन्ही दुकानांना मिळून एकच लांब पायरी होती. धाकटी आधीच तिच्यावर येऊन बसली होती. वाफेने केस कपाळाला चिकटलेले, आणि चार वर्षांत पुष्कळ पिकलेले. थोरली मधे एका माणसाची जागा सोडून बसली. फोन पुन्हा अडकला, तशी ती जागाही भरून निघाली.

फोटो भराभर यायला लागले. दादाचा सुटलेला शर्ट. आईचा हात, बशी, पुन्हा हात. कुणीच कुणाकडे न बघणारे सगळे जण. दोघी फोनवरून नजर न काढता बोलत होत्या.

"हा कसला गं?" थोरलीने विचारलं.

सगळा फोटो गुलाबी, धुरकट. एका कोपऱ्यात सोफ्याची कड तेवढी दिसत होती. धाकटीने फोन आडवा धरला, मग उलटा.

"आईने काढलाय हा. आठवतं? दादा म्हणाला, आता तू काढ. तिचं बोट आलंय मधे."

"सगळं बोटच आहे."

"वाया गेलेला. पुसू का?"

थोरलीने तिच्या हातावर हलकेच चापट मारली.

"राहू दे," ती म्हणाली. "मोठा कर जरा."