कांडप बंद आहे

मी मिरची कांडायचं यंत्र बोलतोय. घाबरू नका, मोटर बंद आहे. ठसका लागणार नाही.

खामगावच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तीन लोखंडी मुसळं, त्यांच्याखाली तीन उखळं, बाजूला मोटर आणि पट्टा, एवढाच माझा देह. अकरा वर्षांपूर्वी टेम्पोत उभा राहून मी देऊळघाटला आलो, कचरूभाऊ आणि सिंधूताईंच्या घरी.

मला निवडलं ते अब्दुल गनींनी. ते मिरचीचे व्यापारी, कचरूभाऊंचे जुने स्नेही. सिंधूताई दोन मुसळांचं लहान यंत्र घ्यायला निघाल्या होत्या. गनींनी त्यांना थांबवलं.

"भाभी, उन्हाळ्यात बायाइची रांग लागते. दोन मुसळं पुरत नाही, तीनाचं घ्या. अन् पहिलेच सांगतो, याच्यात माह्याबी फायदा आहे. तुमचं कांडप चाललं त माही मिरची खपन. हे ध्यानात ठेवूनच माह्यं आयका."

गनींचा अंदाज खरा ठरला. होळी झाली की अंगणातल्या पत्र्याच्या शेडसमोर पिशव्यांची रांग लागायची. भाजलेली मिरची, धणे, हळकुंडं. एकही बाई पिशवी ठेवून घरी जायची नाही. आपल्याच मिरचीचं आपलंच तिखट व्हावं म्हणून डोळ्यांना पदर लावून, शिंकत शिंकत तिथेच बसायची. सोजराबाई तर प्रत्येक घाणा चिमटीत घेऊन चाखायच्या आणि दरवर्षी तेच म्हणायच्या, "मागच्या सालचं जास्त झणझणीत होतं." माझ्या धबधब आवाजात त्या सगळ्या सुना-जावयांची गाऱ्हाणी सांगत. आवाजामुळे एकमेकींना अर्धंच ऐकू येई. मला मात्र सगळं कळायचं.

तिसऱ्या वर्षी कचरूभाऊ गेले. महिनाभर मी गप्प होतो. मग एका सकाळी सिंधूताईंनी स्वतः पट्टा चढवला आणि बटण दाबलं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, सारिकाला, त्यांनी माझ्याच जिवावर बी.कॉम. केलं.

सारिका हुशार आणि कष्टाळू. आईचे लाल, भगभगणारे हात तिला बघवत नसत. काहीतरी मोठं करायचं तिच्या मनात होतं. त्यात वाईट काय होतं? दोन वर्षांपूर्वी बुलढाण्याच्या एका सभागृहात उद्योजकांसाठी मोफत शिबिर भरलं. सारिका गेली आणि संध्याकाळी डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन परतली. मार्गदर्शन करणारे शेखर सर तिला म्हणाले होते, "कांडप म्हणजे मजुरी. तू मालक हो. स्वतःचा ब्रँड काढ."

पुढच्या आठवड्यात सर घरी आले. पांढरे बूट, हातात दोन फोन. माझ्या शेजारी सारिकाला उभं करून त्यांनी फोटो काढला. शेडमध्ये ते दहा मिनिटं होते. किती घरची मिरची येते, कोणत्या महिन्यात येते, यातलं काही विचारलं नाही. तिखट चाखलंही नाही. दळायचं मोठं यंत्र आणि पाकिटं बंद करायचं यंत्र कोणत्या दुकानातून घ्यायचं, तेवढं मात्र नावानिशी सांगितलं. "माझं नाव सांगा," असंही म्हणाले.

गनींच्या कानावर हे गेलं तेव्हा ते सकाळीच आले. माझ्या कठड्याला टेकून त्यांनी विचारलं, "बेटा, त्यानं तुले काय काय इचारलं?"

"इचारलं नाही चाचा, त्याइनं सांगितलं."

"नाडी न पाह्यता डाक्टर गोळी देते काय? त्यानं सोता कधी पावशेर तिखट इकलं काय? अन् दोन साल आंधी त्याचं आयकून धंदा टाकलेली एखांदी बाई दाखव मले. तिच्या घरी जाऊन ये, तिले इचार, मंग यंत्र घे."

सारिकाचा चेहरा उतरला. मग ती एकदम बोलून गेली, "चाचा, आम्ही मिरची बाहेरून मागवणार हावो. तुमचं नुकसान होते, म्हणून तुम्ही आडवे येऊन राह्यले. सरले काय मिळते आमच्यापासून? ते त फुकट सांगतात."

गनी कठड्यापासून सरळ झाले. "हाव, होते माह्यं नुकसान. ते म्या कधी लपवलं नाही. त्याले काय मिळते, ते तुले दिसत नाही. तेवढंच पाह्य."

त्यांनी सिंधूताईंकडे पाहिलं. सिंधूताई खाली मान घालून चाळणी झाडत राहिल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर? पण नाही बोलल्या. गनींनी टोपी नीट केली आणि ते गेले. त्यानंतर त्यांची पावलं या अंगणात उमटली नाहीत.

नवी यंत्रं आली. कचरूभाऊंच्या मागे जे काही गाठीला राहिलं होतं, ते त्यात गेलं. मला चौघांनी ढकलत न्हाणीच्या मागे आणून उभं केलं. होळी झाली, बाया पिशव्या घेऊन आल्या. "कांडप बंद आहे," सारिका सांगायची. "तिखट पाकिटात भेटन." बाया पाकीट उलटसुलट करून पाहायच्या. "याच्यात कोनती मिरची आहे, आमाले का मालूम?" म्हणायच्या आणि कांडपासाठी बुलढाण्याची वाट धरायच्या. दुकानदार म्हणत, ठेवून जा, खपलं तर सांगू. पावसाळ्यात पाकिटांतल्या तिखटाच्या गाठी झाल्या आणि ती जशीच्या तशी परत आली.

सारिका शेखर सरांना फोन करायची. आधी त्यांनी तिला धीर धरायला सांगितलं. मग पुढचं शिबिर करायला सांगितलं. मग ते फोन उचलेनासे झाले.

शेवटी ती स्वतः बुलढाण्याला गेली. त्याच सभागृहात नवं शिबिर चालू होतं. ती मागच्या रांगेत बसली आणि समोरच्या पडद्यावर तिला स्वतःचाच फोटो दिसला. शेजारी मी. खाली लिहिलं होतं, ‘देऊळघाटच्या सारिकाची यशोगाथा’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं तिला ओळखलं. ती सोनाळ्याची महामाया, घरी शेवया करून गावात विकणारी.

"तुम्हीच काय वो त्या? खरंच चालते काय धंदा?"

इतक्या लोकांत सारिकाला लाज वाटली. तिच्या तोंडून निघालं, "हाव."

त्या दिवशी घरी येऊन ती माझ्याजवळ, न्हाणीच्या मागे बसून रडली. सिंधूताई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "आपलं बुडालं ते बुडालं. तिचं काऊन बुडवा? चाल, सोनाळ्याले जाऊ."

त्या बाईचं आडनाव ठाऊक नव्हतं. शेवयांवरून विचारत विचारत घर शोधायला त्यांना तीन खेपा पडल्या. घर सापडलं तेव्हा ओसरीवर नवं कोरं यंत्र उभं होतं, त्याच दुकानातलं. शेवयांचा जुना साचा महामायानं विकून टाकला होता. सारिकानं सगळं खरं सांगितलं. महामाया रागावली नाही. तिनं चहा ठेवला आणि चुलीकडे पाहतच म्हणाली, "त्या सरचं म्या आयकलं नस्तं वो. तुम्ही हाव म्हटलं, म्हणून घेतलं." मग तिनं विचारलं, "आता म्या काय करू? तुम्हीच सांगा."

आणि सारिका म्हणाली, "मले नाही मालूम, ताई."

येताना दोघी जळगाव जामोदला उतरल्या. गनी आता तिथे लेकीकडे, ताहेराकडे असतात, असं कळलं होतं. सिंधूताईंना माफी मागायची होती आणि विचारायचंही होतं, कांडप पुन्हा सुरू करू काय? गनी खाटेवर पडून होते. लकव्यानं उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. सारिका त्यांच्या पायाशी बसली. "चाचा, चुकलं माह्यं." त्यांचे ओठ हलले. बराच वेळ ते काहीतरी सांगू पाहत होते. ताहेरानं कान जवळ नेला, पुन्हा नेला, मग सिंधूताईंकडे पाहून मान हलवली. "नाही समजून राह्यलं, खाला."

सोनाळ्याचं आणि गनींचं हे सगळं मला कालच कळलं. सिंधूताई फडकं घेऊन माझ्यावरचा गंज पुसत होत्या आणि पुसता पुसता स्वतःशीच बोलत होत्या. माझा पट्टा उंदरांनी कुरतडलाय, एका मुसळाची दांडी वाकलीय. पण मोटर चांगली आहे, आणि बुलढाण्याला जाऊन आलेल्या बाया अजूनही रस्त्यात त्यांना कांडपाचं विचारतात, म्हणे.

वाचकहो, तुम्हाला कुणी फुकट शहाणपण दिलं, तर त्याच्या बुटांकडे पाहू नका. त्यानं तुम्हाला आधी काय विचारलं, ते आठवा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर लाजेपोटी हो म्हणू नका. माझी तेवढीच विनवणी.

पुसून झाल्यावर सिंधूताईंनी माझ्या चाकावर हात ठेवला. त्या हातावरचा लाल रंग आता पार गेलाय.

"काऊन रे," त्या हळूच म्हणाल्या, "सुरू करू काय पुन्हा? तू तरी सांग."

इतका वेळ मी तुमच्याशी बोलतोय. पण त्यांना उत्तर देईल असा आवाज माझ्याजवळ नाही.