सहा पाय, आठ पाय

गोडादऱ्याच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या उज्ज्वलाबेनच्या नाकावर कायम राग. त्या दिवशी मात्र तिनं मोठ्या हौसेनं एक मेलेलं झुरळ आणि एक मेलेला कोळी कागदावर चिकटवून आणला होता. झुरळ हा कीटक, त्याला सहा पाय. कोळी कीटक नव्हे, त्याला आठ. मोजा आणि सांगा, एवढंच काम.

पोरांनी नाकं मुरडत चटाचट मोजलं. अश्विनीची पाळी आली तेव्हा तिनं कोळ्यावर बोट फिरवलं. दोन पाय मोडून बोटालाच चिकटले.

"सहा, बेन."

"डोळे काय घरी ठेवून आलीस?" बेन कडाडली. वर्ग खिदळला. पुन्हा मोजायला अश्विनी बाकावर चाचपडत कागद शोधू लागली. कागद तिच्या समोरच होता. बेननं तो उचलून तिच्या हातात दिला.

शाळा सुटल्यावर बेन तडक अश्विनीच्या खोलीवर गेली. तिथं अश्विनी आणि तिची आई जयश्री समोरासमोर बसून साडीवर बारीक खडे चिकटवत होत्या. या वस्तीत घरोघर बायकांचं हेच काम, पण सात वर्षांची पोर? बेनचा पारा चढला.

"लेकीचे डोळे फोडायला बसलात का तुम्ही?"

जयश्रीनं मान वर केली नाही. "डोयाना रोग शे, बेन. दोन दवाखाना व्हयनात. दिवाळीलगून थोडंफार दिसी म्हने, मंग काहीच नई. म्हनीसन तिना बोटेस्ले आतेच शिकाडी ऱ्हायनी."

म्हणजे पोरीला दिवाळीपर्यंतच दिसणार होतं, आणि आई आत्तापासूनच तिच्या बोटांना शिकवत होती. सकाळचे आपले शब्द आठवून बेनला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता.

अश्विनीनं एक चिंधी पुढे केली. तिच्यावर खड्यांचा कोळी होता. "आता बरोबर ना, बेन?"

बेननं पाय मोजले. आठ. "बरोबर," ती कशीबशी म्हणाली.

"फुलपाखराचा धडा कधी आहे?"

"दिवाळीनंतर," बेन सवयीनं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. जयश्रीचा हात साडीवर थांबला.

"ते आधी घ्या ना, बेन," अश्विनी म्हणाली. "कोळ्याचं काय, तो बोटानंही मोजता येतो."