दहा हजारांमागे तीन

धाकट्या जावेचं कौतुक झालं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि त्या दिवशी तर साहेबांनी ते भर बैठकीत केलं. दोघी जावा एकाच आरोग्य कार्यालयात, शहराचा एकेक भाग सांभाळणाऱ्या. क्षयाचे आधीचे रुग्ण वगळायचे, उरलेल्या लोकांत दर दहा हजारांमागे तीन महिन्यांत नवे रुग्ण किती ते काढायचं. थोरलीकडे निघाले नऊ, धाकटीकडे चार. "याला म्हणतात काम!" साहेब धाकटीला म्हणाले. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती, आणि आता ती कुणाकडे जाणार हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

थोरलीचा नुसता जळफळाट झाला. काम म्हणे! तिच्या तीन सेविका दारोदार फिरून खोकणाऱ्यांच्या थुंकीचे नमुने आणायच्या, म्हणून रुग्ण सापडायचे. धाकटी दवाखान्यात बसून राहायची. जो आपल्या पायाने येईल तेवढाच मोजायची. शोधलंच नाही तर सापडणार काय, डोंबल? पण हे सरळ सांगावं, तर लोक म्हणणार, ही जळते. आणि जळत तर ती होतीच!

मग तिने गोड आवाजात सुचवलं, "साहेब, या तिमाहीत माझ्या तिघींना हिच्या भागात पाठवते. घरचीच आहे, मदत नको करायला?"

"जाऊबाई, किती करता हो माझ्यासाठी!" धाकटीचे डोळे भरून आले. थोरलीला तेही बघवलं नाही.

तिमाही संपली. धाकटीचा आकडा चारावरून अकरावर गेला, थोरलीचा नवावरून तीनवर आला. साहेब आकड्यापलीकडे कधी बघायचेच नाहीत. खुर्ची थोरलीला मिळाली. धाकटीचा पडलेला चेहरा बघून तिला काय गार वाटलं म्हणता! तीन हा आकडा फसवा आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण आता तोंड कोण उघडणार?

पहिल्याच आठवड्यात तिच्याच भागातली एक म्हातारी आपल्या सुनेला धरून आत आली. सून वाळून काडी झाली होती, तोंडावरच्या रुमालाला रक्त लागलं होतं.

"अहो, इतके दिवस काय झोपा काढत होतात?" थोरली खेकसली. "आधी का नाही आणलंत हिला?"

"घरी तपासायला तुमच्या बाया येतात ना दर वेळी," म्हातारी म्हणाली. "आज येतील, उद्या येतील म्हणून वाट बघत बसलो."